झाड तोडायचंय, छाटायचंय की वाचवायचंय? पुणे आणि आसपासच्या गावांतून सतत येणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न लोकांनी फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि सोसायटीची मीटिंग संपल्यावर जिन्यात गाठून विचारलेले आहेत. कोथरूड, सिंहगड रोड, वाघोलीहून येतात तसेच सासवड, भोर, जुन्नर, तळेगावहून पण येतात. तेच उत्तर परत परत टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. क्रमाने वाचायची गरज नाही, एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे नंबर दिलाय.

1. झाड माझं, जागा माझी, पाणी मी घातलं. मग परवानगी कशाला?

कारण शहरी भागात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे आणि तो जागा कोणाची हे बघतच नाही. अंगण असो, सोसायटी, शाळा, देऊळ, कारखाना किंवा सरकारी ऑफिस, नियम एकच. झाडाची मालकी तुमचीच राहते, आंबे तुम्हीच खायचे, फक्त ते तोडायचं का हा निर्णय तुम्हाला एकट्याला घेता येत नाही. पुष्कळांना हा अन्याय वाटतो आणि त्यांचा राग मला कळतो, पण चाळीस वर्षांच्या झाडाची सावली सगळ्या गल्लीवर पडते, ते गेलं की समोरच्या घराची भिंत पण एप्रिलमध्ये तापायला लागते, म्हणून गल्लीचंही ऐकलं जावं असं मला मनापासून वाटतं.

2. आमचं गाव छोटं आहे, नगरपालिका आहे फक्त. पुण्याचा कायदा आम्हाला कसा?

पुण्याचा नाही हो, राज्याचा आहे. महापालिका आणि नगरपरिषद दोन्हीकडे वृक्ष प्राधिकरण असायला हवं, महापालिकेत त्याचे अध्यक्ष आयुक्त आणि नगरपरिषदेत नगराध्यक्ष. रोजचं काम वृक्ष अधिकारी बघतो. छोट्या गावात हे पद वेगळं दिसत नाही, आरोग्य नाहीतर बांधकाम विभागातल्याच कोणाकडे तरी जादा काम म्हणून दिलेलं असतं, आणि खिडकीवर गेलात की "इथं असलं काही नसतं" असं ऐकायला मिळतं. वाद घालू नका. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने लिहा, आवक-जावकला द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन पोच घरी आणा. त्या पोचेशिवाय पुढचं काहीच हलत नाही.

3. आमचं गाव ग्रामपंचायत होतं, आता महापालिकेत आलंय. काय बदललं?

बरंच बदललं. 2017 मध्ये 11 गावं आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, आणि तिथल्या खूप लोकांच्या डोक्यात अजून जुनाच नियम आहे. ग्रामीण भागात 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा चालतो, त्याला ठरावीक झाडांची यादी आहे, त्यात साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, हिरडा, ऐन, किंजळ वगैरे येतात आणि परवानगी वन किंवा महसूल खात्याकडून घ्यायची असते. यादीत नसलेलं झाड, म्हणजे समजा कडुनिंब, तोडलं तर तिकडे कोणी काही विचारत नसे. शहरी कायद्यात अशी यादी नाहीच, प्रश्न 4 मधल्या मापात बसलं की प्रत्येक झाड आलं. आणि हो, पुणे, खडकी आणि देहूरोड कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत राहत असाल तर महापालिकेत हेलपाटे घालू नका, अर्ज कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे द्यायचा.

4. कायद्याच्या दृष्टीने "झाड" म्हणजे किती मोठं? रोपटं पण धरतात का?

लाकडी खोड हवं, जमिनीपासून 30 सेंटीमीटर उंचीवर खोडाचा व्यास निदान 5 सेंटीमीटर हवा, आणि उंची निदान 1 मीटर. व्यास मोजता येत नसेल तर त्या उंचीवर खोडाला सुतळी गुंडाळा आणि सुतळी पट्टीवर धरा, साधारण 16 सेंटीमीटर भरली की ते झाड झालं. पाऊण वीत पण धड होत नाही एवढी सुतळी. एवढ्याशा खोडाचं झाड कंबरेला लागत असलं तरी कायद्यात बसतं, त्यामुळे "रोपटंच होतं हो" हे फार क्वचित खरं असतं. केळ आणि पपई यात येत नाहीत, त्यांना लाकडी खोड नसतं.

5. सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प ही तर परदेशी झाडं. त्यांना पण परवानगी?

हो, त्यांना पण. गिरिपुष्प, ज्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतात, पुण्याच्या टेकड्यांवर भरपूर लावलंय आणि त्याच्याखाली देशी झाडं नीट वाढत नाहीत हे मलाही मान्य आहे, ते हळूहळू काढून तिथे देशी झाडं लावावीत याही मताचा मी आहे. पण तो निर्णय कागदावर व्हायला हवा. "परदेशी आहे" हे कारण एकदा तोंडी चाललं की उद्या गुलमोहर, परवा विलायती शिरीष, आणि आपल्या रस्त्यांवरची सावली बरीचशी त्या दोघांचीच आहे. नारळाबद्दल पण खूप विचारतात: नारळही तोडायचा तर अर्ज करूनच.

6. झाड तोडायचं नाहीये, फक्त फांद्या छाटायच्या आहेत. त्याला कशाला अर्ज?

कायद्यात "झाड तोडणे" याची व्याख्याच मोठी आहे, जाळणं, कापणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणं हे सगळं त्यात येतं. म्हणून छाटणीलाही परवानगी लागते. पुण्यात हा अर्ज तुमच्या क्षेत्रीय कार्यालयात जातो आणि तोडण्याच्या अर्जापेक्षा बराच सोपा असतो.

छाटणी कशी होते तेही उभं राहून बघा, कारण परवानगी "धोकादायक फांद्या" एवढीच असते आणि कामगार आले की झाडाचा खांब करून जातात. फांदी खोडाला जिथे चिकटते तिथे एक फुगीर वळी असते, कापायचं त्या वळीच्या जरा बाहेर, वळीला धक्का न लावता. वळीसकट कापलं तर जखम भरत नाही आणि लांब खुंटी सोडली तर ती कुजते, पाणी आत शिरतं, वाळवी लागते. एकाच बाजूच्या, म्हणजे सहसा पार्किंगच्या बाजूच्या, सगळ्या फांद्या उडवल्या की झाडाचा तोल जातो, मग दोन पावसाळ्यांनी तेच झाड दुसऱ्या बाजूला कलंडतं आणि सगळे म्हणतात झाडच धोकादायक होतं.

7. परवानगीचा अर्ज कसा करायचा, किती दिवस लागतात?

अर्ज लेखी हवा, सोबत झाडाचं वर्णन, जागेचा नकाशा आणि कारण. मग वृक्ष अधिकारी स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो आणि झाडावर ठळक जागी नोटीस चिकटवतो, जागेची पाहणी होते, हरकती आल्या तर त्या ऐकल्या जातात. निर्णयासाठी 60 दिवसांची मुदत आहे. परवानगी मिळाल्यावरही लगेच कुऱ्हाड लावता येत नाही, 15 दिवस थांबावं लागतं. तोडल्यावर 30 दिवसांच्या आत, किंवा अधिकारी वाढवून देईल त्या मुदतीत, सांगितल्याप्रमाणे नवीन झाड लावायचं.

सोसायटी असेल तर सेक्रेटरीने एकट्याने अर्ज टाकू नये, आधी मीटिंगमध्ये ठराव करून घ्या. अर्धी भांडणं इथेच होतात, बी विंगला झाड नको असतं आणि ए विंगच्या खिडकीत त्याची सावली असते.

8. झाडावर नोटीस चिकटवलेली दिसली. आता मी काय करू?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि दुर्दैवाने तो बहुतेक वेळा मुदत संपल्यावर विचारला जातो. नोटीस म्हणजे साधा ए-फोर कागद, खोडाला सुतळीने बांधलेला नाहीतर चिकटपट्टीने लावलेला, दोन पावसांत शाई उतरते आणि गाड्या लावणाऱ्यांना तो दिसतही नाही. दिसल्या दिसल्या फोटो काढा, नोटिशीचा नंबर, तारीख, किती झाडं, कुठली, कारण काय आणि हरकतीची मुदत हे सगळं वाचता येईल असा. मुदत सहसा सात दिवसांची असते, आणि शुक्रवारी संध्याकाळी दिसली तर त्यातले दोन दिवस असेच जातात.

हरकत साध्या कागदावर, साध्या मराठीत लिहा, वकील लागत नाही, आणि ती तुमच्या हद्दीतल्या झाडाबद्दलच असली पाहिजे असंही नाही. "झाडं ऑक्सिजन देतात" एवढंच लिहिलेल्या हरकती मी पुष्कळ बघितल्यात, भावना खरी असते पण तेवढ्यावर अधिकाऱ्याला काही ठरवता येत नाही. जागेवर जाऊन मोजून लिहा. नोटिशीत आठ झाडं आहेत आणि प्रत्यक्षात अकरा उभी आहेत. गेट तीन मीटर डावीकडे घेतलं तर दोन झाडं वाचतात, सोबत हाताने काढलेला नकाशा. झाड "वाळलेलं" लिहिलंय आणि हा बघा कालचा फोटो, कोवळी पालवी आहे. घरटी आहेत (प्रश्न 18). वय कमी दाखवलंय (प्रश्न 9). अशा प्रत्येक मुद्द्यावर त्यांना काहीतरी उत्तर द्यावंच लागतं. पोच घ्या, प्रश्न 2 मध्ये सांगितलीय तशीच.

9. हेरिटेज झाड म्हणजे काय? आमचा वड शंभर वर्षांचा असेल.

2021 च्या दुरुस्तीत 50 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज झाड म्हटलंय. त्याच दुरुस्तीत असंही आलं की झाड तोडायची परवानगी दिलीच तर बदल्यात त्या झाडाच्या वयाइतकी झाडं लावायची, सहा ते आठ फूट उंचीची, जिओ-टॅग करून, आणि सात वर्षं सांभाळायची. म्हणजे साठ वर्षांच्या एका चिंचेमागे साठ झाडं, त्यामुळे अर्जात वय किती लिहिलंय यावर सगळा हिशेब फिरतो.

वय सिद्ध करायला खोडाचा घेर उपयोगी पडतो, पण त्यावर वाद होतो, कारण विलायती शिरीष भराभर जाडावतो आणि चिंच सावकाश. कागद आणि फोटो जास्त चालतात. आमच्या भागात एका नोटिशीत झाडाचं वय 25 लिहिलं होतं. शेजारच्या आजींनी ट्रंकेतून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून आणला, 1971 चा, मांडवाच्या मागे तेच झाड, दुबेळकं तेच, तेव्हाही दोन मजल्यांएवढं. फोटोची झेरॉक्स हरकतीला जोडली आणि पुन्हा पाहणी झाली. घरातले जुने अल्बम, शाळेचे ग्रुप फोटो, वाड्याचे जुने नकाशे, हे सगळं पुरावा म्हणून बघा.

10. झाड वाकलंय, कधीही पडेल. 60 दिवस थांबायचं का?

अजिबात नाही. जीवाला धोका असेल तर लगेच अग्निशमन दलाला 101 वर फोन करा आणि झाडाखालून माणसं, गाड्या हलवा. तातडीच्या धोक्यात वृक्ष अधिकारी सगळी प्रक्रिया व्हायची वाट न बघता परवानगी देऊ शकतो. पण सगळंच वाकडं झाड धोकादायक नसतं. वर्षानुवर्षं तिरकं वाढलेलं झाड मुळांनी तोल सांभाळून असतं. बुंध्याजवळची माती एका बाजूने उचललीय, जमिनीला नवी भेग पडलीय, खोडावर बुरशीच्या छत्र्या आल्यात किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज येतोय, यातलं काही दिसलं तर घाई करा.

11. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आमच्या गच्चीवर आलीय, पानांनी पाईप तुंबतो. आम्ही आमच्या हद्दीतली फांदी कापू का?

परवानगीशिवाय नको, कारण प्रश्न 6. आधी शेजाऱ्यांशी बोला आणि शक्यतो अर्ज दोघांच्या सह्यांनी करा, तो पटकन मार्गी लागतो. पानांसाठी पाईपच्या तोंडावर जाळी बसवा, दीडदोनशे रुपयांचं काम आहे.

12. जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. तो पण झाड?

पेठांमधून हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. बोटाएवढा असताना काढलात तर काही प्रश्नच नाही, तो मापात बसत नाही. वर्षानुवर्षं तसाच ठेवला आणि खोड मनगटाएवढं झालं की मग भिंतीतला असला तरी अर्ज करून घ्यावा हे बरं, फोटोत भिंतीची भेग स्पष्ट दाखवा, मालमत्तेला धोका हे कारण तिथे खरंच असतं. नुसता वरून कापून उपयोग नाही, मूळ भिंतीत राहिलं की पुढच्या जूनमध्ये परत फुटतो. गवंड्याकडून तेवढा भाग उकलून मुळासकट काढून घ्या, आणि जमलं तर तोच पिंपळ कुंडीत लावून नंतर मोकळ्या जागी हलवा. भिंतीतून काढलेले पिंपळ जगतात, चिवट जात आहे.

13. झाड कोणी तोडलं नाही, पण बुंध्याची साल गोल सोललीय आणि झाड वाळत चाललंय. हा गुन्हा होतो का?

होतो, कुठल्याही प्रकारची इजा त्यात येते. आणि हे कापण्यापेक्षा वाईट आहे कारण कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे जातं. खोडाभोवती कंगव्याएवढ्या रुंदीचा पट्टा सोलला की तो रस्ता बंद. पाणी लाकडातून वर चढत राहतं म्हणून पानं काही महिने हिरवीच दिसतात, खाली मुळं मात्र उपाशी मरत असतात. दुकानाची पाटी झाकणारी, पार्किंगच्या मधे येणारी झाडं अशीच "आपोआप" वाळतात.

बाकी खुणा: बुंध्यात ड्रिलने पाडलेली भोकं, त्यात बोळे कोंबलेले, बुंध्याशी ॲसिडचा उग्र वास, मोरचुदाचा निळसर थर, मुळाशी जळालेला कचरा. हिंग भरल्याने झाड मरतं असं पूर्वापार सांगतात, पण मरतं ते हिंगाच्या नावाखाली पाडलेल्या भोकांनी आणि त्यात ओतलेल्या रसायनाने.

दिसलं की लगेच फोटो, लेखी तक्रार, आणि तक्रारीत पंचनाम्याची मागणी करा. पट्टा पूर्ण गोल नसेल, थोडी जरी साल जोडलेली असेल तर झाड वाचू शकतं. ओली जखम झाकून ठेवा, बुंध्याची रसायन पडलेली माती काढून नवी घाला, भरपूर पाणी द्या.

14. झाडाला खिळे मारून बोर्ड लावलेत, बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेत. तक्रार कुठे?

दोन्हीची तक्रार वृक्ष अधिकाऱ्याकडेच. बोर्डांना शिवाय 1995 चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायदा लागतो, त्यात झाडाचा स्पष्ट उल्लेख आहे. क्लासवाले आणि पॅकर्स-मूव्हर्सवाले स्वतःचा फोन नंबर बोर्डावर छापूनच देतात, त्यामुळे आरोपी शोधायला लागत नाही. पेव्हर ब्लॉकबद्दल लिहिताना राष्ट्रीय हरित लवादाच्या 2013 च्या आदेशाचा उल्लेख करा, तो दिल्लीसाठी होता पण त्यातला मुद्दा, बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायची, सगळीकडे मांडता येतो. खिळे स्वतः उपटताना जांबूरने साल फाडू नका, हळू हलवत काढा.

15. वटपौर्णिमेला मंडईत वडाच्या फांद्या विकतात. ते चालतं का?

परवानगीशिवाय तोडलेल्या असतील तर नाही, आणि कोणी घेतलेली असते असं मला तरी कधी दिसलं नाही. आदल्या रात्री रस्त्याकडेचे वड ओरबाडले जातात. फांदी घरी आणून पूजण्यापेक्षा झाडापाशी जा, जवळ वड नसेल तर कुंडीतलं रोप पूजा आणि जुलैत लावून टाका. दसऱ्याच्या आपट्याचंही तेच, आणि सोनं म्हणून विकतात त्यातली पुष्कळ पानं आपट्याची नसून कांचनाची असतात.

16. तारांना फांद्या लागतायत. कोण छाटणार?

महावितरण. पावसाळ्याआधी त्यांचं हे काम चालतंच, नाही झालं तर 1912 वर कळवा. स्वतः किंवा माळ्याला वर चढवू नका, ओल्या फांदीतून करंट येतो.

17. बिल्डर म्हणतो प्लॅन मंजूर आहे आणि झाडं आम्ही दुसरीकडे पुनर्रोपण करणार. मग ठीक ना?

बांधकामाची परवानगी वेगळी आणि झाडांची वेगळी, एक दाखवून दुसरी चालत नाही. पुनर्रोपणालाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि ते क्रेनने उचलून खड्ड्यात ठेवलं इतकं सोपं नसतं. आधी मुळांभोवती टप्प्याटप्प्याने चर खणून झाडाला नवी बारीक मुळं फुटू द्यायची, मातीचा गोळा न फुटता उचलायचा, पावसाळ्याच्या तोंडावर हलवायचं, पुढची दोन वर्षं पाणी द्यायचं. वड, पिंपळ, उंबर त्यातून बऱ्यापैकी जगतात, जुना आंबा फार कमी वेळा जगतो. म्हणून विचारायचं ते हे: कुठे लावणार, कोण पाणी घालणार, आणि मेलं तर काय? उत्तर लेखी घ्या.

18. झाडावर घरटी आहेत. त्याने काही फरक पडतो का?

पडतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरट्यांना त्रास देणं येतं. पावसाळ्यात मोठ्या शिरीषांवर बगळ्यांच्या वसाहती असतात, खाली गाड्या पांढऱ्या होतात आणि छाटणीचे अर्ज नेमके तेव्हाच पडतात. पिल्लं उडून जाईपर्यंत छाटणी पुढे ढकला असं हरकतीत लिहा, आणि पिल्लं खाली पडली तर वन विभागाच्या 1926 वर फोन करा.

19. आत्ता या क्षणी झाड तोडतायत आणि आज रविवार आहे. काय करू?

सुट्टीचा दिवस मुद्दाम निवडलेला असतो. आधी शांतपणे परवानगीचा कागद मागा. कागद असेल तर पत्ता, झाडांची संख्या, जात आणि तारीख जुळवून बघा, 15 दिवस झालेत का ते मोजा. पुष्कळदा परवानगी दोन झाडांची असते आणि करवत चौथ्यावर चालू असते. कागद नसेल तर 112 वर फोन करा, वृक्ष अधिकाऱ्याला मेसेज आणि लेखी तक्रार दोन्ही करा, व्हिडिओत टेम्पोचा नंबर आणि आजूबाजूची ओळखीची खूण येऊ द्या. कामगारांशी भांडू नका, त्यांना रोजावर आणलेलं असतं.

झाड पडून गेलं असेल तरी बुंध्याला मोजपट्टी लावून फोटो काढा, रात्रीतून बुंधा उपटून वर मुरूम टाकला जातो. शिक्षा मूळ कलमाप्रमाणे एक हजार ते पाच हजार दंड आणि सोबत एक आठवडा ते एक वर्ष कैद, आणि प्रत्येक झाड हा वेगळा गुन्हा. म्हणून तक्रारीत "झाडं तोडली" असं मोघम न लिहिता एक, दोन, तीन करून प्रत्येक झाड वेगळं लिहा, जात आणि घेरासकट.

20. परवानगी खरी होती, पण बदल्यात लावलेली झाडं कुठेच दिसत नाहीत.

माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, उत्तराची मुदत 30 दिवस. "झाडं लावली का" असं विचारलंत तर "होय" एवढंच उत्तर येतं. मागायचं ते असं: परवानगीच्या आदेशाची प्रत, स्थळपाहणी अहवाल, बदली झाडांची जातवार यादी, प्रत्येकाचं जिओ-टॅग लोकेशन, आणि लावल्यानंतर केलेल्या पाहणीच्या तारखा. यादी हातात आली की मे महिन्यात जाऊन बघा, जूनमध्ये नाही. जूनमध्ये सगळंच हिरवं दिसतं, मेमध्ये कुठल्या खड्ड्यात नुसती बांबूची काठी उरलीय ते लगेच कळतं, तिचा फोटो काढा आणि यादीतल्या नंबरासकट तक्रारीला जोडा.